रत्नागिरी ते कॉमिक कॉन : चाकाच्या खुर्चीवरची एक सफर

रत्नागिरीचा माणूस मुंबईला कशासाठी जातो, याची कारणे ठरलेली आहेत. मोठ्या डॉक्टरांना दाखवायचे असते, आखातातून येणाऱ्या भावाला विमानतळावरून आणायचे असते, हाजी मंडळींना निरोप द्यायचा असतो, नाहीतर नात्यात निकाह असतो. पूर्वी हा प्रवास बोटीने व्हायचा. मग रातराणी एस.टी. आली आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यापासून सगळेच सोपे झाले. पण चित्रकथांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला जायचे म्हणून कोणी कोकणकन्येचे तिकीट काढले, असे आमच्या मोहल्ल्यात तरी कधी ऐकले नव्हते. ईद झाली, मोठ्या मुलीची दहावीची परीक्षा संपली आणि आम्ही ते काढले.

आम्ही म्हणजे राजिवड्यातले एक साधे कुटुंब. अब्बांचे मोबाइल आणि घड्याळ दुरुस्तीचे छोटे दुकान आहे, अम्मी घरी शिवणकाम करते. मुलांच्या तोंडची हीच नावे इथे वापरतो. अब्बांना दोन वर्षांचे असताना पोलिओ झाला. घरात आणि दुकानात ते कॅलिपर लावून, कुबड्यांवर चालतात. लांबचे अंतर असेल तर चाकाची खुर्ची लागते. मुलगी पंधरा वर्षांची, धाकटा आठ वर्षांचा. आणि घरात दादी आहेत, ज्यांच्या परवानगीशिवाय आमच्याकडे काही होत नाही.

आता हा मेळावा म्हणजे काय, ते सांगायला हवे. जगात अशा मेळाव्यांची परंपरा जुनी आहे. १९३९च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा दोन चाहते भविष्यकाळातले कपडे शिवून घालून आले होते. पात्रासारखा पोशाख करून जाण्याची प्रथा तिथून रुजली. पुढे १९७० साली अमेरिकेत सॅन दिएगोचे कॉमिक कॉन सुरू झाले, १९७५ साली टोकियोत कॉमिकेट भरू लागले. या वेशभूषेला आज कॉस्प्ले म्हणतात. तो शब्द जपानमधून आला. आपल्या देशात पहिले कॉमिक कॉन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाट इथे भरले आणि त्याच वर्षी ते मुंबईतही आले. आमच्या घराला आणखी एक गोष्ट जाणवते. भारतात पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण सापडला तो जानेवारी २०११ मध्ये, पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात. म्हणजे अब्बांना ज्या आजाराने गाठले तो देशातून गेला आणि पुढच्याच महिन्यात मुलीच्या आवडीचा हा मेळावा देशात आला. दोन पिढ्यांचे नशीब असे शेजारी शेजारी उभे आहे.

मुलीला हे वेड लागले ते कमला खानमुळे. कमला ही मार्व्हल कॉमिक्समधली मुलगी. अमेरिकेतल्या जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी घरातली, मशिदीत जाणारी, आईची बोलणी खाणारी. २०१३ साली ती प्रथम चित्रकथेत आली आणि २०१४ पासून तिची स्वतःची मालिका सुरू झाली. ती लिहिणाऱ्या जी. विलो विल्सन आणि घडवणाऱ्या संपादकांपैकी एक सना अमानत, या दोघी मुस्लिम. २०२२ मध्ये ‘मिस मार्व्हल’ नावाची तिची मालिका पडद्यावर आली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली. तिच्या पहिल्याच भागात कमलाला अशाच एका मेळाव्याला जायचे असते. घरचे नको म्हणतात. मग तिचे वडील हिरवा रंग फासून हल्क होतात आणि म्हणतात, मीही येतो. पोरीला लाज वाटते, वडील हिरमुसतात. तो प्रसंग पाहताना आमच्या घरात सगळे हसले. मुलगी मात्र हसली नाही. ती म्हणाली, “माझे अब्बा आले असते तर मी नाही म्हटले नसते.”

तिच्या या वाक्यामागे बरेच काही आहे. आमच्या घरात वर्षानुवर्षे एक सवय होऊन बसली होती: अब्बा बाहेर थांबतात. शाळेचे स्नेहसंमेलन वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये असते, अब्बा खाली मैदानात थांबतात. रत्नदुर्गावर पाहुण्यांना न्यायचे, तर अब्बा पायऱ्यांखाली रिक्षावाल्याशी गप्पा मारतात. भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत खुर्चीची चाके रुततात, म्हणून अब्बा रस्त्याकडेला सुरूच्या सावलीत बसतात. कोणी त्यांना थांबा म्हणत नाही आणि तेही तक्रार करत नाहीत. मुंबईचे ठरले तेव्हाही ते सहज बोलून गेले, “तुम्ही तिघे आत जा, मी खालाकडे बसतो.” त्यावर मुलगी म्हणाली, “अब्बा, तुम्ही आत येणार असाल तरच जाऊ. नाहीतर नको.” मग गोष्ट तिकिटाची उरली नाही. तिच्या शब्दाची झाली.

दादींनी सगळे ऐकून घेतले आणि दोनच प्रश्न विचारले. “तिथे नमाजला जागा आहे काय? आणि याला कोण उचलणार?” वेशभूषेबद्दल त्यांनी काही विचारले नाही. नमन-खेळ्यांतली सोंगे त्यांनी लहानपणी लांबून पाहिली होती. या बाबतीत प्रत्येक घराची मर्यादा वेगळी असते आणि असावी. आमची आम्ही ठरवली: अंग झाकणारा पोशाख, डोक्यावर रुमाल, आणि सोबत घरातले माणूस. अम्मीने निळ्या कापडाचा गुडघ्याखाली येणारा कुर्ता शिवला, छातीवर पिवळ्या कापडाची वीज लावली, लाल ओढणीचा रुमाल केला. चित्रकथेतली कमलासुद्धा आपला पोशाख बुर्किनीपासून बनवते. त्यामुळे मुलीला फार काही बदलावे लागले नाही. धाकट्याचा हट्ट होता की अब्बांनी हल्क व्हावे. अब्बा म्हणाले, “माझा पांढरा सदराच बरा.”

दादींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तयारीत होते. रेल्वेत दिव्यांग प्रवाशाला स्लीपर आणि थ्री-टायर एसी या वर्गांत भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. ज्यांना सोबतीशिवाय प्रवास करता येत नाही, अशा अस्थिव्यंग व्यक्तीच्या एका सोबत्यालाही तेवढीच मिळते. त्यासाठी डॉक्टरांचा विहित नमुन्यातला दाखला देऊन रेल्वेचे ओळखपत्र काढून ठेवावे लागते. आयत्या वेळी खिडकीवर धावून उपयोग नसतो. दिव्यांगांच्या कोट्यातून अब्बांना खालचा बर्थ मिळाला. आम्ही मुद्दाम रात्रीची गाडी घेतली, कारण झोपून प्रवास झाला की पाठ कमी दुखते आणि दिवसाला ताकद शिल्लक राहते. खुर्ची घडीची होती. ती बर्थखाली सारली, कुबड्या उशाशी ठेवल्या. गाडीच्या दारातून आत चढवायला अम्मी पाठीमागून आणि एक हमालदादा पुढून. हमालाशी पैसे आधी ठरवले होते आणि कुठे धरायचे, कुठे धरायचे नाही, हे अब्बांनी स्वतः सांगितले. ही सांगण्याची सवय महत्त्वाची आहे. मदत करणारे पुष्कळ असतात, पण काखेत हात घालून ओढले की खांदा दुखावतो.

कुवारबावच्या स्टेशनवरून गाडी सुटली की थोड्याच वेळात करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटरचा हा बोगदा कोकण रेल्वेवरचा सर्वात लांब. धाकटा खिडकीला नाक लावून तो कधी संपतो ते मोजत होता आणि मोजता मोजताच झोपला. सोबत दादींनी दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि खालासाठी हापूसची पेटी. एप्रिलमध्ये रत्नागिरीकर रिकाम्या हाताने मुंबईत उतरत नाही.

खाला कुर्ल्याला राहते. तिच्याकडे जायला दादर जवळ, तरीही आम्ही शेवटपर्यंत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत गेलो. कारण सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. मधल्या स्टेशनवर गाडी दोन-तीन मिनिटे थांबते आणि बाहेर पडायला बहुधा पूल चढावा लागतो. टर्मिनसला गाडी उभीच असते, उतरायला घाई नसते आणि फलाट शेवटी एकत्र येत असल्यामुळे जिना न चढता थेट रस्त्यावर निघता येते. टॅक्सीच्या डिकीत गॅसची टाकी असते, खुर्ची मावत नाही. म्हणून वर कॅरियर असलेली काळीपिवळी शोधायची आणि खुर्ची वर बांधायची. दोरी आपली आपण न्यावी.

अलीकडे कॉमिक कॉन वांद्रे-कुर्ला संकुलात भरले आहे, त्यामुळे खालाच्या घरापासून अंतर थोडेच. पण त्या थोड्या अंतरातले फुटपाथ कुठे उंच, कुठे खांबाने अडवलेले. तीन ठिकाणी खुर्ची रस्त्यावर उतरवून गाड्यांच्या बाजूने ढकलावी लागली. आत गेल्यावर मात्र जमीन सपाट. एवढी मोठी, सपाट, गुळगुळीत जागा आमच्या खुर्चीने याआधी पाहिली नव्हती. अब्बांनी ढकलणाऱ्या मुलीचा हात बाजूला केला आणि स्वतः चाके फिरवत पुढे निघाले. आम्हाला मागून चालावे लागले.

आम्ही दार उघडण्याच्या वेळेला पोहोचलो होतो. पहिला दीड तास गर्दी बेताची असते. या वेळेत आम्ही जे पाहायचे ते पाहिले. एका बाजूला मोठमोठ्या कंपन्यांचे मंडप, खेळण्याचे संगणक, खेळणी, कपडे. दुसऱ्या बाजूला टेबले मांडून बसलेले चित्रकार. बहुतेक पंचविशीतली मुलेमुली, स्वतः काढलेली चित्रे आणि स्वतः छापलेली छोटी पुस्तके विकणारी. अब्बांचा जीव इथेच रमला. लहानपणी पाय चालत नव्हते तेव्हा त्यांनी इंद्रजाल कॉमिक्स वाचून दिवस काढले होते. १९६४ साली सुरू झालेली ती मालिका मराठीतही निघायची आणि तिच्यातला वेताळ त्या काळच्या प्रत्येक मुलाला पाठ होता. एका चित्रकार मुलाला त्यांनी वेताळाची कवटीची अंगठी आणि डेंकालीचे जंगल असे काही रंगवून सांगितले की तो आपले गिऱ्हाईक विसरला. टेबल उंच होते, म्हणून त्याने चित्रांचा गठ्ठा उचलून अब्बांच्या मांडीवर ठेवला. कोणी सांगितले नव्हते त्याला.

पण खरी गोष्ट पुढे घडली. एक कॉलेजचा मुलगा, अंगात पिवळा-निळा चुस्त पोशाख, हाताला खोटी नखे, धावत आला आणि म्हणाला, “सर, एक फोटो! प्रोफेसर एक्स ना? खुर्ची भारी बनवलीय!” आम्हाला आधी कळेना. मग मुलीने कानात सांगितले. एक्स-मेन नावाच्या चित्रकथेत, १९६३ सालापासून, एक प्राध्यापक आहे. डोक्यावर केस नाहीत, चाकाच्या खुर्चीवर बसतो आणि सगळ्या वीरांचा तो गुरू आहे. आमच्या अब्बांच्याही डोक्यावर केस राहिलेले नाहीत. मुलाला वाटले, हे सोंग घेऊन आलेत.

मुलगी लाल झाली. काही तरी तिखट बोलणार, तेवढ्यात त्या पोराची नजर अब्बांच्या पायातल्या कॅलिपरवर गेली आणि त्याचा चेहरा उतरला. “सॉरी अंकल, सॉरी,” एवढेच तो म्हणत राहिला. अब्बा हसले. म्हणाले, “काढ ना फोटो. खुर्ची खरी आहे, प्रोफेसर नकली आहे.” तो फोटो निघाला. मग त्याचे दोन मित्र आले, त्यांनाही हवा होता. तासाभरात अब्बांचे नऊ-दहा फोटो निघाले. कमला खान झालेल्या मुलीचे त्याच्या निम्मेही नाहीत. यावरून धाकट्याने तिला घरी येईपर्यंत चिडवले.

आम्ही दोघे त्यावर नंतर बरेच बोललो. खुर्ची पाहून रस्त्यावर लोक दोनच प्रकारे वागतात: नजर चुकवतात किंवा कणव दाखवतात. कोणी न विचारता हातावर पाच-दहा रुपयेही ठेवले आहेत. इथे पहिल्यांदाच कोणी खुर्ची पाहून आनंदाने धावत आले. गैरसमजाने आले, हे खरे. पण त्या पोराच्या मनात खुर्चीवर बसलेला माणूस म्हणजे गुरू, हे चित्र आधीच होते म्हणून ना? ते त्या चित्रकथेने घातले. डेअरडेव्हिल नावाचा आंधळा वकील १९६४ पासून आहे, बार्बरा गॉर्डन ही खुर्चीवर बसून शहराचे रक्षण करणारी आहे, ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या जपानी कथेतल्या एडवर्डचा एक हात आणि एक पाय धातूचा आहे. आपल्याकडे तर याहून मोठे उदाहरण आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम रजि. दृष्टिहीन होते. पैगंबर (स.) यांनी त्यांना मदिनेत अजान देण्याचे काम दिले आणि स्वतः बाहेर जाताना नमाजच्या इमामतीसाठी मागे ठेवले. हे आपल्या मुलांना मदरशात शिकवले जाते. मात्र आपल्या किती मशिदींच्या वजूच्या जागेपर्यंत खुर्ची जाते, हे कोणी मोजत नाही.

फोटोवरून आठवले. मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या मेळाव्यांच्या जगात एक नियम रूढ झाला आहे: पोशाख म्हणजे परवानगी नव्हे. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ साली तसे फलकच लावले होते. न विचारता फोटो काढायचा नाही, न विचारता हात लावायचा नाही. आम्ही मुलीला तो आधीच समजावला होता आणि नको असेल तर सरळ नाही म्हण, असेही सांगितले होते. दोनदा ती नाही म्हणाली. समोरच्यांनी मान डोलावली आणि ते गेले. हे सगळीकडे असेच होईल असे नाही, म्हणून सोबत हवीच.

दादींच्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर मिळाले. आम्ही कोकणी मंडळी शाफई, सफरीत जुहर आणि असर जमा करून, कस्र पढण्याची सवलत आपल्याला आहे. दुपारी गर्दी वाढली तेव्हा एका शांत कोपऱ्यात, भिंतीकडे, जानमाज अंथरली. अब्बांनी खुर्चीवरच नमाज पढली. आमचे होईपर्यंत जवळच तलवार पाठीला लावलेला एक उंच पोरगा उभा होता. आटोपल्यावर त्याने सलाम केला आणि विचारले, “अंकल, जानमाज द्याल का दहा मिनिटे?” तो भिवंडीचा निघाला. त्याच्यामागे आणखी दोघे आले.

तीननंतर मात्र खुर्चीला वाट मिळेना. उभ्या माणसांच्या गर्दीत खुर्चीवरच्या माणसाला दिसतात फक्त पाठी आणि पिशव्या. व्यासपीठावर कोण आले, काय बोलले, अब्बांना काही कळले नाही. पाठही दुखू लागली होती. आम्ही हट्ट केला नाही. मुलीला आणि अम्मीला कार्यक्रम पाहायला पाठवले, अब्बा आणि धाकटा चित्रकारांच्या टेबलांशी थांबले. ते आतच होते, बाहेर नव्हते. फरक एवढाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला परतलो. फोटो मोहल्ल्यात फिरले. दादींनी चष्मा लावून सगळे पाहिले आणि विचारले, “हे प्रोफेसर काय शिकवतात?” पण आम्हाला वेगळाच चाळा लागला. आपल्या गावात अब्बा कुठे आत जाऊ शकतात, याची आम्ही यादी करू लागलो. मांडवीला रस्त्यालगत खुर्ची उभी करून समुद्र दिसतो, हे चांगले. थिबा राजवाडा ज्या ब्रह्मी राजासाठी १९१० च्या सुमारास बांधला, तो परक्या गावात हद्दपार होऊन, बाहेरच्या जगाकडे टेकडीवरून पाहत १९१६ साली वारला. तिथे जायचे तर पायऱ्या आधी मोजून ठेवायच्या. मग दुकाने, कचेऱ्या, दवाखाने, शादीखाने. दारात एकच पायरी असली तरी ती किती उंच, हे धाकटा फुटपट्टीने मोजतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि सार्वजनिक इमारती सगळ्यांना वापरता येतील अशा करायला सांगितले. पण मोहल्ल्यातला हॉल बांधताना कायद्याचे पुस्तक कोणी उघडत नाही. तिथे आपल्यातल्याच कोणी तरी उठून सांगावे लागते.

कोणाला आपल्या मुलांबरोबर अशा सफरीला जायचे असेल तर आमचा अनुभव एवढा: सवलतीचे ओळखपत्र आधी काढा. आयोजकांना आठवडाभर आधी लिहून विचारा, दार कोणते, उतार आहे का, दिव्यांगांसाठी स्वच्छतागृह कुठे. सकाळी दार उघडताच पोहोचा. हरवलो तर कुठे भेटायचे ते ठरवा. औषध, पाणी आणि जानमाज एका पिशवीत ठेवा. आणि दमल्यावर थांबायला लाजू नका.

मुलगी आता मैत्रिणींना घेऊन गावातच असा छोटा मेळावा करायचा म्हणते: चित्रे, पुस्तके, पोशाख, घरचा खाऊ. मे महिन्याच्या सुट्टीत. जागेसाठी तिने तीन हॉल पाहिले. पहिला स्वस्त होता, दुसरा प्रशस्त होता. तिने तिसरा निवडला, जो दोन्ही नाही. त्याचे दार जमिनीला टेकलेले आहे. भाड्याचे आम्ही बघू, इन्शाअल्लाह.